वाचनालयातले चार टॅब: निवड, पेट्या आणि पहिला उन्हाळा

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातले 'अ' वर्ग सार्वजनिक वाचनालय. गावाचे आणि संबंधितांचे तपशील मुद्दाम गाळले आहेत. ग्रंथसंख्या अडतीस हजारांच्या आसपास, वेळ सकाळी ८ ते ११.३० आणि संध्याकाळी ४ ते ८. दुपारी कुलूप. नोंदी आधी एका जुन्या प्रणालीत, युनिकोडपूर्व काळातल्या (म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला संगणकीय क्रमांक मिळण्याआधीच्या) मराठी फाँटमध्ये टंकलेल्या होत्या. त्यांचे रूपांतर करून सगळा साठा कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त संगणक-प्रणालीवर आणला गेला. तालिकापत्रांची लाकडी कपाटे तेव्हाच मागच्या खोलीत गेली.

कपाटे गेली, पण त्यांच्या जागी काही आले नाही. कोहाची वाचकांसाठीची शोधखिडकी, म्हणजे ओपॅक, दोनच संगणकांवर दिसे आणि दोन्ही देवघेव टेबलामागे होते. त्यामुळे "अमुक पुस्तक आहे का हो?" हा प्रश्न रांगेत उभे राहूनच विचारावा लागे. दिवाळी अंकांच्या दिवसांत ही रांग पार पायऱ्यांपर्यंत जाई.

अडचण

आधी एक जुना संगणक वाचन कक्षात ठेवून पाहिला. तो तीन कारणांनी बाद झाला. इंग्रजी कळफलकावर मराठी टंकणारे सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वीज गेली की यूपीएसचा भोंगा वाचन कक्षात वाजत राही. आणि मुलांनी तिसऱ्याच दिवशी त्यावर गेम शोधून काढला.

टॅबची कल्पना इथून पुढे आली. पडद्यावरचा मराठी कळफलक, बोटाने लिहिण्याची सोय, संगणक आणि मॉनिटर मिळून शंभरेक वॅट खातात तिथे पाचेक वॅटमध्ये भागणारे काम, आणि वीज गेली तरी काही तास चालणारी स्वतःची बॅटरी. हा शेवटचा मुद्दा कार्यकारी मंडळाला सगळ्यात आवडला. पुढे त्रासही नेमका तिथूनच झाला.

तरतूद होती सव्वा लाखाची आणि रक्कम मार्चअखेर खर्ची पडायला हवी होती. दरपत्रके मागवायला फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला.

पर्याय

आयपॅड. एकाच ॲपमध्ये कुलूपबंद करण्याची त्याची सोय भक्कम आहे आणि सुरक्षा अद्यतनेही बरीच वर्षे मिळतात. पण ही सोय पूर्ण अर्थाने वापरायची तर टॅब 'सुपरव्हाइज्ड', म्हणजे संस्थेच्या पूर्ण ताब्यातला, करावा लागतो. त्यासाठी ॲपल कॉन्फिगरेटर हे साधन आणि मॅक संगणक हवा, नाहीतर बाहेरची व्यवस्थापन सेवा. वाचनालयाकडे मॅक नव्हता, आणि आयपॅडच्या किमतीत अँड्रॉइडचे जवळपास दोन टॅब येत होते. हा पर्याय पहिल्याच बैठकीत मागे पडला, आणि तो निर्णय बरोबर होता.

अगदी स्वस्त अँड्रॉइड टॅब, सात-आठ हजारांचे. एका सभासदाच्या दुकानात असे दोन टॅब हाताळून पाहिले. २ जीबी रॅमवर ओपॅकचे पान उघडे असताना मराठी कळफलक वर आला की पान पुन्हा पहिल्यापासून लोड होई. म्हणजे टंकलेले शब्द गेले. शिवाय चार्जिंगचे तोंड मायक्रो-यूएसबीचे होते. वर्षभर त्यात वायर ताणाखाली राहिली की ते सैल होतेच.

मधल्या पट्टीतले, १० इंची, ४ जीबी रॅम, टाइप-सी तोंडाचे वायफाय टॅब. दरपत्रकांत सिमवाल्या मॉडेलचाही आग्रह होता: "नेट गेलं तर सिमवर चालेल." हे नाकारले गेले. कोहाचा सर्व्हर वाचनालयातच होता, त्यामुळे शोधासाठी बाहेरचे इंटरनेट लागतच नव्हते. सिम घालणे म्हणजे दरमहा रिचार्ज आणि मुलांना एक जास्तीची पळवाट.

चौथा पर्याय कागदावर आला आणि तिथेच राहिला: टॅबला वीज आणि जाळे दोन्ही एकाच कॅट-६ केबलवरून, म्हणजे पीओई पद्धतीने देणे. मध्यवर्ती स्विच, प्रत्येक टॅबपाशी टाइप-सी तोंडाचा रूपांतरक आणि भिंतीतून वायर असा खर्च वाढत होता. शिवाय मार्चच्या आत भिंती फोडून पुन्हा रंगवणे जमणार नव्हते.

आकाराबाबत मात्र एक शहाणपणाची गोष्ट झाली. ८ आणि १० इंचांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून भिंतीवर आडव्या-उभ्या लावल्या आणि त्यावर कळफलकाची जागा पेन्सिलने आखली. टॅब आडवा लावला तर कळफलक निम्मा पडदा खातो आणि शोधाचे निकाल दोन ओळींत कोंबले जातात. १० इंची टॅब उभा लावला की कळफलक खालच्या तिसऱ्या भागात बसतो आणि वर सात-आठ निकाल दिसतात. दर्शनी पत्रकावरचा टॅब नेहमी आडवा असतो, त्यामुळे हा मुद्दा खरेदी करताना सुचतच नाही.

निवडीचे ठरलेले निकष असे: १० इंच, ४ जीबी रॅम, टाइप-सी, अँड्रॉइडची आवृत्ती फार जुनी नको, आणि उत्पादकाने सुरक्षा अद्यतने किमान तीन वर्षे देण्याचे लेखी सांगितलेले असावे. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि स्पीकरची संख्या यांना शून्य गुण. 'सतत चार्जिंगला ठेवून चालेल का' हा निकष यादीत नव्हता.

काय केले

साडेसोळा हजारांचे पाच टॅब घेतले: चार बसवायला, एक राखीव. जडवस्तू नोंदवहीत पाचही वेगवेगळ्या क्रमांकांनी चढवले, ते पुढे बॅटरी बदलताना उपयोगी पडले.

पेट्या गावातल्याच फॅब्रिकेटरकडून १६ गेजच्या पत्र्याच्या, पावडर कोटिंग करून घेतल्या. प्रत्येकी ३२०० रुपये. समोरची खिडकी पडद्यापेक्षा चारही बाजूंनी ३ मिलिमीटर लहान, म्हणजे पडद्याची कड बोटाला लागत नाही आणि बाजूची बटणे झाकली जातात. मधोमध खिळ असलेले टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, स्क्रू वापरले, कारण साधा स्क्रू कंपासपेटीतल्या कर्कटकानेही फिरतो. मागे ७५ बाय ७५ मिलिमीटरची चार भोके, म्हणजे बाजारातली बहुतेक कोणतीही मॉनिटरची पट्टी बसेल. तीन पेट्या जमिनीपासून ११५० मिलिमीटरवर, एक व्हीलचेअरसाठी ९५० वर. तिच्याखाली गुडघ्यांना ७०० मिलिमीटर मोकळी जागा.

पेट्यांना हवेसाठी भोके ठेवली नव्हती. फॅब्रिकेटरने विचारले होते. "धूळ जाईल" म्हणून नको सांगितले गेले.

कुलूपबंदीसाठी अँड्रॉइडचे स्क्रीन पिनिंग, म्हणजे पडदा एकाच ॲपवर अडकवण्याची सोय, पुरत नाही. मागे जाण्याचे आणि अलीकडच्या ॲपचे बटण एकत्र दाबून धरले की ते सुटते, आणि आठवीतल्या मुलाला हे ठाऊक असते. म्हणून किऑस्क ब्राउझर, म्हणजे ठरलेल्या पानांपलीकडे जाऊ न देणारा ब्राउझर, 'डिव्हाइस ओनर' म्हणून, म्हणजे सगळ्या टॅबचा ताबा देऊन, बसवला. हे फक्त कोऱ्या टॅबवर जमते. फॅक्टरी रिसेट करायचे, स्वागताच्या पडद्यावर सहा वेळा बोट टेकवायचे, मग उघडणाऱ्या कॅमेऱ्याने क्यूआर कोड वाचवायचा. टॅबवर आधीच गूगल खाते घातले असेल तर पुन्हा रिसेट. विक्रेत्याने 'मदत म्हणून' पाचही टॅबवर स्वतःचे खाते घालून दिले होते. ते खाते न काढताच रिकव्हरीतून (टॅब सुरू होतानाच्या दुरुस्ती-यादीतून) रिसेट केल्यामुळे टॅब जुन्याच खात्याचा पासवर्ड मागू लागले आणि त्यात अर्धा दिवस गेला. खाते आधी सेटिंग्जमधून काढायचे आणि मगच रिसेट, हा क्रम चुकवू नये.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ६० सेकंद हात लागला नाही की मुखपृष्ठावर परत, त्याच वेळी कुकीज (कोण खात्यात शिरले आहे याच्या ब्राउझरमधल्या खुणा) साफ, आणि समोर हालचाल नसेल तर पडदा बंद. कुकीज साफ करणे महत्त्वाचे. सभासद स्वतःच्या खात्यात शिरून मुदतवाढ घेतो आणि तसाच निघून जातो. खात्यातून आपोआप बाहेर काढण्याची कोहाची स्वतःची मुदत बरीच लांब असते, त्यामुळे मागून येणाऱ्याला आधीच्याने कोणती पुस्तके नेली ते आरामात दिसते.

राउटर आणि सर्व्हर यूपीएसवर हवेत हे पहिल्याच भारनियमनात कळले. चारही टॅब छान उजळलेले आणि चारहीवर 'पान सापडत नाही'. १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस आणला, सर्व्हरला टेबलाचा यूपीएस जोडला.

पळवाटा

पहिल्या आठवड्यातच एका टॅबवर क्रिकेटचे व्हिडिओ सुरू झाले. वाट कोहामधूनच गेली होती. पुस्तकाच्या नोंदीत उजवीकडे 'हे शीर्षक इथेही शोधा' अशी चौकट असते आणि तिच्यातून बाहेरच्या शोध-संकेतस्थळांवर जाता येते. तिथून पुढे कुठेही. कोहाच्या सिस्टिम प्रेफरन्समध्ये ही चौकट आणि समाजमाध्यमांची बटणे बंद केली. किऑस्क ब्राउझरमध्ये फक्त सर्व्हरचा पत्ता चालेल अशी परवानगी-यादी घातली. खरे तर दुसरी गोष्ट केली असती तर पहिलीची गरज नव्हती. पण मग सभासदाने दुवा दाबला की कोरा पडदा येतो आणि टॅब बिघडल्याची तक्रार येते. दोन्ही करावे.

दुसरी पळवाट कळफलकाची. जीबोर्ड या गूगलच्या कळफलकाच्या वरच्या पट्टीत भाषांतर, चित्रे, सेटिंग्ज अशी बटणे असतात, ती काढून टाकावी लागतात. आणि वैयक्तिक शब्दसूचना बंद करायलाच हव्यात. त्या चालू राहिल्या होत्या. मुलांनी टंकलेले निवडक शब्द संध्याकाळी एका निवृत्त प्राध्यापकांना 'सं' टंकल्यावर पहिल्या सूचनेत दिसले. त्यानंतर सूचना बंद झाल्या. मराठी मांडणी दोन ठेवल्या: देवनागरी अक्षरफलक आणि बोटाने लिहिण्याची चौकट. साठीच्या पुढचे सभासद सरळ दुसरीच वापरतात. आवाजी टंकलेखन वाचन कक्षात नको, म्हणून बंद.

पुस्तक कपाटात आहे, टॅबवर नाही

एप्रिलमध्ये एक सभासद पुस्तक हातात घेऊनच टेबलाशी आले. "मॅडम, हे बघा. कपाटात आहे, पण तुमचा टॅब नाही म्हणतो." शीर्षकात 'दुसऱ्या महायुद्धा'चा उल्लेख होता.

देवघेव टेबलावरच्या संगणकावर तेच पुस्तक सापडत होते, कारण तिथे बारकोडने शोधत. टॅबवर शब्द टंकला की शून्य निकाल. कारण अक्षरांच्या आत होते. 'दुसऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक, मराठीसाठीचा स्वतंत्र 'ऱ', म्हणजे यू+०९३१, आणि त्याला हलन्त. दुसरा, साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या फाँटमधून रूपांतर करणाऱ्या साधनाने सगळीकडे दुसरा प्रकार वापरला होता आणि टॅबचा कळफलक पहिला टंकत होता. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची रीत) या दोघांना एक करत नाही.

तसेच 'ॲ'चे. एकसंध 'ॲ', 'अ' अधिक चंद्र असे 'अॅ', आणि हिंदी मांडणीतून आलेला 'ऍ', असे तिन्ही प्रकार नोंदींत सापडले. 'ॲटम', 'ॲलोपॅथी', 'ॲड.' यांनी सुरू होणारे निम्मे निकाल दडून होते.

दोन उपाय चर्चेत आले. नोंदीच दुरुस्त करणे कायमचे, पण अडतीस हजार नोंदींवर शोधा-बदला चालवणे धोक्याचे. शिवाय नवीन नोंदी करणारा कर्मचारी दुसऱ्या मांडणीत टंकत असेल तर घोळ पुन्हा सुरू. दुसरा उपाय अनुक्रमणिकेच्या, म्हणजे शोधयंत्र ज्यात शब्द पाहते त्या यादीच्या, पातळीवर. कोहाचे झेब्रा शोधयंत्र देवनागरीसाठी आयसीयू या युनिकोड समजणाऱ्या पद्धतीवर असावे लागते. त्याच्या शब्दांच्या आणि वाक्प्रयोगांच्या दोन्ही नियम-फायलींमध्ये तीन बदल-नियम घातले: र, हलन्त आणि जोडचिन्ह दिसले की 'ऱ' व हलन्त; 'अॅ' चे 'ॲ'; 'ऍ' चे 'ॲ'. नोंदींवर आणि शोधशब्दावर हाच नियम लागतो, त्यामुळे कोणी काहीही टंकले तरी जुळते. मग पूर्ण अनुक्रमणिका नव्याने बांधली. हे आधी सर्व्हरच्या प्रतीवर करून पाहिले होते, कारण नियमात एक कंस चुकला तर शोध पूर्णच बंद पडतो. एकदा पडलाही, पण प्रतीवर.

हे काम टॅब घेण्याआधी एका दुपारी झाले असते. 'ऱ', 'ॲ' आणि 'ळ' असलेले वीस शब्द घेऊन टॅबच्या कळफलकाने शोधून पाहणे एवढीच चाचणी हवी होती.

पहिला उन्हाळा

टॅब मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बसले. जूनच्या पहिल्या आठवड्यात पश्चिमेच्या भिंतीवरच्या टॅबचा पडदा डाव्या कडेने पेटीच्या चौकटीवर दाबला गेलेला दिसला. स्पर्श आपोआप होत होते, अक्षरे स्वतःहून टंकली जात होती. पेटी उघडली तेव्हा टॅबची पाठ उशीसारखी फुगलेली. शेजारच्या टॅबचीही फुगायला लागली होती. उरलेले दोन पूर्वेच्या भिंतीवर होते, ते ठीक.

फुगलेला टॅब चार्जिंगवरून काढून, न दाबता, वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात अंगणात ठेवला आणि पुढे ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे दिला. फुगलेली बॅटरी टोचून 'हवा काढणे' हा सल्ला गावात दोघांनी दिला होता. त्यातून आग लागते.

कारण शोधायला पश्चिमेच्या रिकाम्या पेटीत प्रोबवाला तापमापक ठेवला. दुपारी साडेतीनला ५१ अंश, तेही टॅब नसताना. वाचनालय दुपारी बंद, पंखे बंद, खिडक्या बंद, पेटीला भोके नाहीत, आणि आत बॅटरी चोवीस तास शंभर टक्क्यांवर धरलेली. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहणेही सोसत नाही. इथे दोन्ही एकत्र आले होते. ४५ अंशांच्या वर तर ती चार्जच करू नये.

आकडेमोड साधी होती. बॅटरी सुमारे २७ वॅट-तासांची, चालू पडद्याला साडेचार वॅट, म्हणजे सलग सहा तास. वाचनालय दिवसाला साडेसात तास उघडे, पण हालचाल नसताना पडदा बंद राहतो, त्यामुळे प्रत्यक्ष वापर निम्माच. रोज दोन तास चार्जिंग पुरेसे होते. आणि ते सकाळी, पंखे चालू असताना.

टायमर लावले. पहिले टायमर यांत्रिक, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचे, स्वस्त. ते वीज गेली की थांबतात. आठवड्याभरात ते सात-आठ तास मागे पडले आणि चार्जिंगची वेळ सकाळवरून नेमकी दुपारच्या उन्हात सरकली. मग आत बॅटरी असलेले डिजिटल टायमर आणले. टॅबमध्ये ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय होती. ती पहिल्या दिवसापासून चालू करता आली असती.

पेट्यांना वर-खाली ८ मिलिमीटरची दहा-दहा भोके पाडली, आतून बारीक जाळी लावली, आणि पश्चिमेच्या दोन पेट्या मधल्या खांबावर हलवल्या. हलवल्यावर नवा घोळ: ३ मीटरची बारीक वायर लावली आणि टॅब दोन तासांत पंधरा टक्केही भरेना. २८ गेजच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे ०.२१ ओहम रोध. जाऊन-येऊन सहा मीटर म्हणजे सुमारे सव्वा ओहम. एक अँपिअर ओढला की पाचांतले सव्वा व्होल्ट वायरमध्येच संपतात. २० गेजची वायर लावली आणि प्रश्न मिटला. वायर घेताना लांबी बघतात, जाडी कुणी बघत नाही.

परिणाम

दोन बॅटऱ्या गेल्या. एका टॅबची बदलून घेतली, दुसऱ्याच्या जागी राखीव टॅब आला. त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत एकही फुगली नाही. देवघेव टेबलावरची 'आहे का' विचारणारी रांग बरीच ओसरली, पण संपली नाही. काही सभासदांना माणसालाच विचारायचे असते आणि त्यात गैर काही नाही. व्हीलचेअरसाठी खाली लावलेला टॅब मुलेच जास्त वापरतात. त्याच्या पडद्याची काच वर्षातून दोनदा बदलावी लागते.

सफाईचा एक नियम करावा लागला. जंतुनाशक फवारा सरळ पडद्यावर मारला की तो खिडकीच्या कडेतून आत झिरपतो. फडक्यावर मारायचा, मग पुसायचे.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात मोठी चूक मॉडेलची नव्हती, महिन्याची होती. मार्चअखेरच्या घाईत चारही टॅब एकदम बसले. एक टॅब फेब्रुवारीत बसवून महिनाभर चालवला असता तर क्रिकेटचे व्हिडिओ, शब्दसूचना आणि 'दुसऱ्या'चा गोंधळ तिथेच सापडला असता. उष्णता मात्र फेब्रुवारीतही सापडली नसती. ती रिकाम्या पेटीत तापमापक ठेवूनच कळते.

पीओईचा पर्याय 'महाग' म्हणून सोडला. नंतर राउटर-यूपीएस, दोनदा टायमर, दोनदा वायरी आणि बॅटरी यांचा खर्च मांडला तर फरक फारसा उरत नाही. स्विच एका यूपीएसवर, चार्जिंगची वेळ स्विचमधून ठरवता येते, आणि वायफायचा प्रश्नच नाही. अर्थात भिंती फोडायची तयारी हवी. भाड्याच्या इमारतीत आजही टायमरच बरा.

पुढच्या वर्षी बालविभागात एक टॅब बसायचा आहे. त्याच्यासाठी कॅट-६ची वायर रंगकामाच्या वेळीच भिंतीत घालून ठेवली आहे. टॅब अजून घेतलेला नाही. भोके पाडलेली रिकामी पेटी मात्र मार्चपासून ठरलेल्या जागी टांगलेली आहे, आत तापमापक आहे, आणि शिपाईकाका रोज दुपारी साडेतीनला कुलूप उघडून आकडा वहीत लिहून ठेवतात.